भाऊसाहेब, ठराव वाचून दाखवा
(लघु माहितीपटाचं निवेदन)

[मारुतीच्या देवळावरचा भोंगा. खाली रिकामा सभामंडप.]

"ग्रामस्थांना कळवण्यात येतं की उद्या 1 मे रोजी झेंडावंदन झाल्या झाल्या देवळासमोर ग्रामसभा आहे, तरी सर्वांनी वेळेवर हजर राहावं..." ही आत्ताची दवंडी. पूर्वी कोतवाल हलगी वाजवत गल्लीगल्लीतून फिरायचा, आता ग्रामपंचायतीचा शिपाई भोंग्यावरून सांगतो आणि तेच परत गावाच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर टाकतो, तिथं खाली पटापट अंगठे पडतात, त्यातले येतात किती ते पुढं दिसेलच.

नोटीस मात्र सात दिवस आधीच बोर्डावर लागलीय. जवळून बघा काय काय आहे. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. वार्षिक जमाखर्च वाचणे. पाणीटंचाई. थकीत घरपट्टी-पाणीपट्टी. आणि सगळ्यात खाली, प्रत्येक अजेंड्यात असतो तसा, आयत्या वेळी येणारे विषय. गावाची खरी भांडणं या शेवटच्या ओळीत मुक्कामाला असतात.

महाराष्ट्रात वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. बहुतेक गावांत त्या 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरला होतात. सरपंचानं सबळ कारण नसताना सभा घेतलीच नाही तर त्याचं पद जाऊ शकतं, इतकं ते कडक आहे. आता तारखा कुणी ठरवल्या माहीत नाही पण 2 ऑक्टोबरला सोयाबीनची काढणी चालू असते, तेव्हा सभेला कोण येणार? 15 ऑगस्टला गर्दी बरी असते. 1 मे म्हणजे ऊन, लग्नसराई आणि पाणी नाही. पण एप्रिल-मे मधल्या सभेचं महत्त्व वेगळं, कारण नव्या आर्थिक वर्षातली पहिली सभा हीच, गेल्या वर्षी किती पैसे आले, कुठं गेले, ऑडिटवाल्यांनी काय शेरे मारले हे सगळं गावासमोर ठेवायचं असतं ते याच सभेत.

[पहाट. खालची आळी. नळाखाली कळशी.]

सभेच्या दिवशी पहाटे आम्ही खालच्या आळीत होतो. पाणी सोडल्याचा आवाज आला तरी नळाला धार नाही, हवा फुसफुसते आणि करंगळीएवढं पाणी पडतं. एक कळशी भरायला किती वेळ लागतो ते बघा, हा शॉट आम्ही कापलेला नाही, आहे तसा ठेवलाय.

[निवेदन थांबतं. फक्त नळाचा आवाज.]

आता वरच्या आळीत चला. इथं ओट्याच्या कडेला ओलं पोतं दिसतंय ना, ते उचललं की खाली टिल्लू मोटार. थेट नळाला जोडलेली. पाणी आलं की बटण दाबायचं, टाकी भरून घ्यायची, परत पोतं टाकायचं. लाईनीत वरची चार घरं अशी ओढायला लागली की खालच्या टोकाला काय उरणार? बरं टाकीत पाणी आहे, पाईपही आहे, जलजीवन मिशनचा फलकही आहे, त्यावर 'हर घर जल' लिहिलंय. माणशी रोज 55 लिटर हा त्या योजनेचा हिशेब. 2019 च्या 15 ऑगस्टला लाल किल्ल्यावरून जाहीर झाली ती योजना.

पाणीपुरवठ्याचा कर्मचारी भेटला तो टाकीवर. पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर बादलीत कालवून ठेवलेली, निवळी वरच्या वर टाकीत सोडायची असते. खाली नळावर आरोग्य सेवकानं काचेच्या नळीत पाणी घेतलं, क्लोरीन तपासायच्या ओटी नावाच्या औषधाचे थेंब टाकले. पिवळा रंग आला की समजायचं पाण्यात क्लोरीन आहे. वरच्या आळीतला नमुना पिवळा झाला. खालच्या आळीतला, हे बघा, अगदी फिकट, उजेडात धरून बघावं लागतंय. धार बारीक आणि तीही अशी. "साहेब मी पावडर टाकतो, पाणी ढकलू कसं," हे पाणीपुरवठ्याच्या कर्मचाऱ्याचं म्हणणं, आणि व्हॉल्व. चौकातल्या खड्ड्यात जो व्हॉल्व आहे तो गंजून अर्ध्यात अडकलाय. पूर्ण उघडत नाही, पूर्ण बंदही होत नाही. पाना लावून तो दाखवतोय बघा, पाना फिरतो, व्हॉल्व जागचा हलत नाही.

[झेंडावंदन. मग सतरंज्या.]

झेंडावंदनाला दीडेकशे माणूस होतं. जिलेबी वाटून झाली आणि निम्मं पांगलं. कोरमचा नियम असा की एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातला जो आकडा कमी तेवढी माणसं हजर पाहिजेत. या गावात मतदार हजाराच्या वर आहेत म्हणजे शंभर लागणार. शिपाई बोट उडवत मोजतोय. कमी भरली तर सभा तहकूब, आणि तहकूब सभा परत घेतली की तिला कोरमची अटच नाही, मग पाच-पंधरा माणसांत सगळं मंजूर. कुणाला कोरम भरायला नको असतो हे ज्याच्या त्याच्या गावात ज्याला त्याला माहीत आहे. या दिवशी मात्र खालच्या आळीतल्या बायका कळशा घेऊनच आल्या आणि मांडव भरला. कळशा मुद्दाम आणल्या होत्या, आम्ही सांगितलेलं नव्हतं.

टेबलामागं सरपंचताई. शेजारी ग्रामसेवक, आता सरकारनं त्या पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी केलंय पण गावाला ते भाऊसाहेबच. खांबाला टेकून उभे आहेत ते सरपंचताईंचे मिस्टर, ते बऱ्याच फ्रेममध्ये येतात, आम्ही कापले नाहीत.

आणि हे रजिस्टर. सगळा माहितीपट खरं तर या रजिस्टरचाच आहे. गावात याला प्रोसिडिंग म्हणतात. डावीकडं विषय क्रमांक, मग ठराव, खाली सूचक, अनुमोदक. सभेला तोंड फुटायच्या आधी प्रोसिडिंग मांडवात फिरायला लागतं. एकजण सही करतो, शेजारच्याकडं सरकवतो, पेन बांधलेलं असतं दोरीला. सह्यांची पानं भरतात. ठरावाची पानं? कोरी. सभा होते, आरडाओरडा होतो, लोक घरी जातात, मग दोन दिवसांनी ऑफिसात बसून त्या कोऱ्या पानांवर ठराव उतरतात आणि खाली "सर्वानुमते मंजूर". सगळीकडं असंच होतं असं मी म्हणत नाही, पण ज्यानं ज्यानं चार ग्रामसभा बघितल्यात त्याला हे नवीन नाही.

या सभेत रजिस्टर तिसऱ्या रांगेत अडलं.

"मावशी, सही करा, पुढं द्या."
"कशावर करू? कोरं हाय की हे."
"हजेरीची सही आहे ती."
"मग हजेरी अशी लिव्हा वर. ठरावाची सही ठराव वाचल्यावर."

मांडवात हशा पिकला. मागून एक आबा ओरडले, "बरोबर बोलतीय ती, भाऊसाहेब, लिहा की वर हजेरी म्हणून." भाऊसाहेब चिडले नाहीत हे सांगायला पाहिजे, त्यांनी पान घेतलं, डोक्यावर "उपस्थिती" असं लिहिलं, खाली रेघ मारली. ही रेघ जवळून घेतलीय आम्ही. एवढीशी गोष्ट आहे, पण रेघेच्या वरचं आणि खालचं आता वेगळं झालं.

जमाखर्च वाचायला घेतला तो असा काही वेगात की सत्यनारायणाची पोथीही लोक याहून हळू वाचतात. पुढच्या रांगेतल्या एका पोरानं थांबवलं, "भाऊसाहेब, बंधित किती आणि अबंधित किती, तेवढं वेगळं सांगा." प्रश्न नेमका होता. 15 व्या वित्त आयोगातून ग्रामपंचायतीला जो पैसा आला त्यातला 60 टक्के बंधित, म्हणजे तो पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यावरच घालायचा. उरलेला 40 टक्के गावाच्या गरजेप्रमाणं, पण त्यातून पगार आणि आस्थापना खर्च करायचा नाही. म्हणजे "व्हॉल्वला पैसे नाहीत" हे उत्तर देताना जरा विचार करावा लागतो, कारण व्हॉल्व हे पाण्याचंच काम. भाऊसाहेबांनी दुसरी बाजू लगेच मांडली आणि तीही खोटी नव्हती, पाणीपट्टी कुणी भरत नाही, पंपाचं वीजबिल थकतंय, वसुलीला गेलं की माणसं "नळाला पाणी आलं की भरतो" म्हणतात. दोन्ही बाजूंनी पाच मिनिटं हेच चाललं, ते आम्ही लहान केलंय.

मग मोटारींचा विषय निघाला. आता मांडवाकडं बघा. इतका वेळ जी डोकी वर होती ती खाली गेली. कुणी मोबाईल काढला, कुणी चप्पल शोधायला लागलं. सरपंचताईंनी विचारलं, "नळाला मोटार कुणाकुणाची आहे, हात वर करा." एकही हात नाही. पोत्याखालच्या मोटारी आम्ही पहाटेच बघून आलो होतो आणि त्यातले तीन मालक पहिल्या रांगेत होते, पण ते सांगणं आमचं काम नव्हतं. ते काम केलं त्याच मावशीनं. नाव कुणाचंच घेतलं नाही तिनं. "हात नगा वर करू. उद्या पाणी सुटल्यावर लाईट बंद ठेवा तासभर, मग बघू खाली धार येती का नाय." यावर जो आवाज झाला तो तसाच ऐका.

[निवेदन थांबतं. मांडवातला गोंगाट.]

ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यावी लागते, ती इथं आदल्या दिवशी झाली होती. आम्ही पोचेपर्यंत संपलेली, त्यामुळं तिचं चित्रण नाही, पण तिच्या कागदावर पहिल्याच नंबरला मोटारी आणि व्हॉल्व होते, म्हणजे मावशी आयत्या वेळी उठून बोलली नव्हती, तयारीनं आली होती. ग्रामसभेचा ठराव म्हणजे नुसता कागद असं म्हणणारे भेटतात. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं मे 2022 मध्ये विधवांच्या कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं या प्रथा बंद करायचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं त्यावरून परिपत्रक काढलं. गडचिरोलीच्या मेंढा-लेखात सगळ्यांची सहमती होईपर्यंत निर्णयच घेत नाहीत, बसतात, परत बसतात, आणि त्या गावानं 2009 मध्ये आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. तिथलं "आमच्या गावात आम्हीच सरकार" हे वाक्य आता भाषणात सगळेच वापरतात. भाषणाला सोपं आहे ते.

[रजिस्टर. पेन. भाऊसाहेबांचा हात.]

आता ठराव लिहिला जातोय, सगळ्यांसमोर, त्याच सतरंजीवर. पहिला मसुदा असा होता: "पाणीपुरवठ्याबाबत योग्य ती कार्यवाही करण्याचे ठरले." वाचून दाखवला. योग्य ती म्हणजे कोणती, असं मागून आलं. खोडलं. दुसऱ्यांदा व्हॉल्व आला पण कोणता व्हॉल्व ते नव्हतं. पोरगं म्हणालं चौकातला लिहा. मिस्टर खांबापासून पुढं आले आणि "एवढं बारीक कशाला लिहायचं" म्हणाले, तर सरपंचताईंनी मागं न बघता सांगितलं, "लिहू द्या." शेवटी पानावर आलं ते असं: मारुती चौकातील नादुरुस्त व्हॉल्व बंधित निधीतून बदलणे, मुदत 15 जूनपर्यंत. नळाला थेट जोडलेल्या मोटारी पंधरा दिवसांत काढणे, न काढल्यास जप्त करणे व नळजोडणी तोडणे. सूचक मावशी. अनुमोदक म्हणून आबांनी नाव दिलं, नंतर कळलं की त्यांच्याही घरी मोटार होती.

मग भाऊसाहेबांनी उभं राहून ठराव पहिल्यापासून वाचला, हळू, आणि रजिस्टर परत फिरलं. मावशीला सही येत नाही, अंगठा लावते. शाईच्या पॅडवर बोट टेकवायच्या आधी तिनं शेजारच्या पोरीकडून परत एकदा वाचून घेतला. या ठरावाची नक्कल कुणालाही मागता येते, दिली नाही तर 2005 चा माहितीचा अधिकार आहेच, पण इथं तशी वेळ आली नाही, दोघातिघांनी मोबाईलवर पानाचा फोटो काढला आणि तो अंगठेवाल्या ग्रुपवर टाकला.

व्हॉल्व बसला, जूनच्या शेवटच्या आठवड्यात. मोटारी काही निघाल्या, काही पोत्याखालून माळ्यावर गेल्या, जप्त एकही झाली नाही. खालच्या आळीत एक दिवसाआड पाणी येतं. 15 ऑगस्टच्या सभेत मोटारींचा विषय परत अजेंड्यावर आहे, यावेळी आयत्या वेळच्या विषयात नाही, तिसऱ्या नंबरला.