ध्रुपद मंडपाचं

श्रोतेहो, नमस्कार.

मी गाणी लिहितो, त्यांना चाली लावतो आणि गातोही स्वतःच. तिवसा, मोर्शी, चांदूरकडं कुठं जयंती, कुठं पुण्यतिथी, कुठं शारदेचा मंडप. जिथून सुपारी येईल तिथं जातो. सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत मात्र सुपारी नको वाटते. लोक विचारतात, तुमचे गुरू कोण? गंडा कुणाचाच बांधला नाही. पण ज्यांच्या गाण्यावर पोसलो, ती माणसं सांगतो.

तुकडोजी महाराजांना आमच्या भागात टाळताच येत नाही. १९०९ साली यावलीत जन्म, पुढं मोझरीला गुरुकुंज, आणि हातात खंजिरी. लाकडाचं कडं, एका बाजूनं ताणलेलं चामडं, कड्यात बसवलेल्या झांजा, बस. पेटीवाला आला नाही तरी अडत नाही. पावसाळ्यात चामडं सैल पडतं, आवाज बसतो. मग चुलीच्या धगीवर शेकायचं, तेही बेतानं, नाहीतर तडकतं. हल्ली फायबरचं पान मिळतं. ते कुरकुर करत नाही, पण बोलतही नाही, असं माझं मत.

महाराजांच्या भजनांचं ध्रुपद, म्हणजे कडव्याकडव्याला परत येणारी ओळ, बघा. लहान असतं. दोनदा ऐकलं की तिसऱ्यांदा मंडपच म्हणतो. ग्रामसफाई, व्यसनं, शेती असे रुक्ष विषय त्यांनी या ध्रुपदावर गावागावांत नेले. १९४२ ला चिमूर-आष्टी पेटलं, तेव्हा इंग्रज सरकारनं त्यांना अटक केली. खंजिरीचं वजन सरकारला कळलं होतं.

पुण्यतिथीला मोझरीत ४ वाजून ५८ मिनिटांनी मौन श्रद्धांजली होते. एवढा जनसमुदाय, आणि सगळं एकदम थांबतं. गाणाऱ्यानं ते एकदा अनुभवावंच. तेव्हापासून मी कडवं सुरू करण्याआधी एक मात्रा रिकामी सोडतो. लोक कान टवकारतात.

दुसरे वामनदादा कर्डक. मूळचे सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे, पण आमच्याकडच्या भीमजयंतीत परके कधीच वाटले नाहीत. अक्षरओळख झाली मोठेपणी, मुंबईत, दुकानांच्या पाट्या वाचत वाचत. आणि त्या माणसानं हजारो गाणी लिहिली! त्यांच्या ओळीत अडखळायला जागा नसते. चालत्या माणसाला म्हणता येईल अशी ती असते. आमच्या भजनी मंडळातले एक म्हातारबा मला म्हणायचे, “लोकायले समजलं पायजे बापा. तुले काय समजलं, थे कोन इचारते?” वामनदादा ऐकताना हे वाक्य हमखास आठवतं.

सुरेश भट अमरावतीचेच. त्यांच्याकडून मी घेतला तो कडकपणा. नव्या लिहिणाऱ्यांसाठी त्यांनी ‘गझलेची बाराखडी’ लिहिली आणि ती त्यांच्यापर्यंत पोचवली. वृत्त सुटलं की ओळ खोडायची. मी गझल लिहीत नाही, माझा तो पिंड नाही. पण एसटीत बसल्या बसल्या बोटांवर मात्रा मोजायची सवय त्यांचीच. पुढं आष्टगावच्या भीमराव पांचाळेंनी गझल मैफलीत गायली, तेव्हा शब्द न चिरडता कसं गायचं तेही कळलं. चाल शब्दावर चढली की गाणं गेलं.

कवी विठ्ठल वाघांचं ऋण एका वाक्यात सांगतो: तिफनीवरचं, म्हणजे पेरणीच्या अवजारावरचं, त्यांचं वऱ्हाडी गाणं सिनेमातून महाराष्ट्रभर गेलं, आणि आपल्या बोलीत गाणं लिहायची लाज आम्हा पोरांच्या मनातून निघाली.

आणि घरात आजी. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आमच्या ओसरीवर भुलाबाई, म्हणजे पोरींच्या गाण्यांची देवी, बसायची. पोरी टिपऱ्या घेऊन गोल करायच्या, आजी ओळ सांगायची. गाणं संपलं की खिरापत ओळखायची. त्या गाण्यांचा कवी कोण, हे कुणी कधी विचारलं नाही. माझंही एखादं गाणं तसं बिननावाचं फिरलं तर चालेल, मानधन तेवढं आधी मिळावं.

आता संत्र्याच्या बागेवरचं माझं नवं गाणं ऐका. ठेका केरव्याचा आहे. कडवी माझी, ध्रुपद तुम्ही उचला.