धरणाच्या पाण्यावरचं शीड

खडकवासला. एका बाजूला सिंहगड, समोर धरणाचं पाणी. वारा उठला की पाण्यावर काळसर चट्टे धावत येतात. शिडाची होडी चालवणारा आधी हे चट्टे ओळखायला शिकतो. पाणी काळवंडलं, की समजायचं, झोत आला.

समुद्र सह्याद्रीच्या पलीकडे. तरीही याच जलाशयाच्या पीकॉक बेमध्ये एनडीएचे, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे कॅडेट शीड सांभाळायला शिकतात.

आता ही एकट्यानं चालवायची होडी बघा. हिचं नाव लेझर, स्पर्धांमध्ये हल्ली आयएलसीए म्हणतात. कॅनडाच्या ब्रूस कर्बींनी १९६९ मध्ये हिचं पहिलं रेखाटन केलं. होडी मोटारीच्या टपावरून नेता यावी, एवढीच मागणी होती. त्या एका मागणीतून बाकी सगळं ठरत गेलं. लांबी ४.२३ मीटर. नुसत्या होडीचं वजन साधारण ५९ किलो, म्हणजे दोघांनी सहज उचलावी इतकं. डोलकाठी दोन तुकड्यांची. तिला ताणून धरायला तारा नाहीत. शिडाच्या कडेला लांब खोळ शिवलेली असते, ती उशीच्या अभ्र्यासारखी डोलकाठीवर चढवायची, की शीड तयार! १९९६ पासून हीच होडी ऑलिंपिकमध्ये आहे.

हिच्या अंगावरून एकदा हात फिरवून बघावा. कुठे फळ्यांचा सांधा नाही, खिळा नाही. फायबरग्लासची होडी आतून बाहेर नाही, बाहेरून आत घडते. साच्याला आधी मेण लावायचं. मग जेलकोट, म्हणजे होडीची चकचकीत कातडी. त्यावर काचतंतूंची चटई अंथरून रेझिन जिरवायचं आणि रोलर फिरवत राहायचं. हवेचा बुडबुडा आत राहिला, तर ती जागा कच्ची. तळ आणि वरचा भाग वेगवेगळे घडवून कडेनं चिकटवतात. लाकूड वाकवणाऱ्या कारागिराला प्रत्येक होडीत बाक नव्यानं साधावा लागतो. त्या हातांबद्दल मला फार आदर आहे. पण इथे एकदा सापडलेला बाक साचा जपून ठेवतो, म्हणून पहिल्या होडीचं वळण हजाराव्या होडीतही तसंच उतरतं.

तळातून खाली सरकवलेली ही फळी मला सगळ्यात सुंदर वाटते. बाजूनं वारा आला, तर होडीनं आडवं वाहत जायला हवं. फळी ते होऊ देत नाही. शीड एकीकडून रेटतं, पाणी फळीला दुसरीकडून अडवतं, आणि चिमटीत दाबलेला ओला चिंचोका सटकावा तशी होडी पुढे निघते. पाणी उथळ झालं, की फळी वर ओढून घ्यायची.

इंजिन नाही, म्हणून तेलाचा थेंब नाही. पुणं हेच पाणी पितं, हे इथे विसरता येत नाही.

आणि होडी उलटली तर? उलटतेच. पण पोकळ अंगातली हवा तिला बुडू देत नाही. पोहत मागच्या बाजूनं जायचं, त्याच फळीवर चढून उभं राहायचं, काठ धरून मागे झुकायचं. आधी काहीच हलत नाही. मग डोलकाठीचं टोक पाण्यातून सुटतं, आणि पाणी निथळत शीड उभं राहतं.