रांगेतून पुढे आलेला शिपाई

ऑस्ट्रेलियन पायदळात सगळ्यात खालच्या हुद्द्याला ‘प्रायव्हेट’ म्हणतात, म्हणजे आपला साधा शिपाई. सेनापतींवर आपल्याकडे बरंच बोलून झालंय, म्हणून आज एका प्रायव्हेटबद्दल बोलतो. नाव रिचर्ड मरे, सोबत्यांमध्ये रिची. मे 1945 मध्ये, युद्ध संपायला तीन महिने उरले असताना, बोर्निओतल्या रानाऊ इथे तो मेला. तो कसा मेला हे आज मला तुम्हाला सांगता येतंय ते केवळ एका माणसामुळे, त्याचा दोस्त कीथ बॉटेरिल याच्यामुळे.

बॉटेरिल 2/19 बटालियनचा. जानेवारी 1942 मध्ये मलायात मुआरच्या लढाईत ही पलटण आपल्या 45व्या भारतीय ब्रिगेडच्या जोडीने लढली. माघार घेताना पारित सुलाँगच्या पुलाजवळ जखमींना मागे ठेवावं लागलं. जपान्यांनी त्यांना ठार केलं. त्यात ऑस्ट्रेलियन होते तसे हिंदी जवानही होते. आपल्या पाठ्यपुस्तकांत हे गाव मला कुठे सापडलेलं नाही.

15 फेब्रुवारीला सिंगापूर पडलं. जुलैत सुमारे दीड हजार ऑस्ट्रेलियन कैदी जहाजात कोंबून बोर्निओच्या सांडाकानला नेले. काम विमानांची धावपट्टी बांधायचं. सुरुवातीला शिधा बरा होता, मारही सोसण्यासारखा. मग छावणीतला चोरटा रेडिओ पकडला गेला, कॅप्टन लायनेल मॅथ्यूज यांना 1944 मध्ये गोळ्या घातल्या, आणि तिथून सगळं आवळत गेलं. धड उभंही राहता येणार नाही असा एक लाकडी पिंजरा होता. बॉटेरिलने त्यात चाळीस दिवस काढले.

1945 च्या जानेवारीत कैद्यांचा तांदूळ बंद झाला. दोस्त राष्ट्रांच्या बाँबफेकीने धावपट्टी निकामी झाली होती, त्यामुळे कैदी आता जपान्यांना ओझं वाटू लागले. पण ओझी वाहायला तेच हवे होते! साडेचारशेच्या वर कैद्यांना सैन्याचं सामान पाठीवर देऊन रानाऊकडे चालवलं. अंतर सुमारे 260 किलोमीटर, सगळी दलदल, जंगल आणि डोंगर. जो मागे पडे त्याला गोळी नाही तर संगीन. रानाऊला पोचलेल्यांना पुन्हा पाठीवर तांदळाची पोती देऊन मागच्या ठाण्यापर्यंत खेपा घालायला लावलं. पाठीवर तांदूळ आणि पोटात काही नाही, असा तो प्रकार.

अशा वेळी मरे, बॉटेरिल आणि आणखी दोघाचौघांनी पळायचं ठरवलं. वाटेत खायला हवं म्हणून जपान्यांच्या कोठारातून बिस्किटं चोरली. चोरी उघडकीला आली. कैद्यांना रांगेत उभं केलं. कोणी केलं ते सांगा, नाहीतर सगळेच मराल. मरे एक पाऊल पुढे आला आणि म्हणाला, मी एकट्याने केलं.

त्याला बांधून नेलं, संगिनींनी भोसकलं आणि बाँबने पडलेल्या खड्ड्यात टाकून दिलं.

इथे मला थोडं थांबायचंय. आपल्याला लगेच ‘हौतात्म्य’ हा शब्द सुचतो. मला तो जड वाटतो. मरे भुकेला होता, त्याने खरंच चोरी केली होती आणि त्याला जगायचं होतं, त्यासाठीच तर बिस्किटं! पुढे पाऊल टाकायला त्याला फार तर दोन-चार क्षण मिळाले असतील. आणि त्याच रांगेत बॉटेरिल उभा होता. तो गप्प राहिला. बोलला असता तर एकाऐवजी दोन मेले असते, आणि आज ही गोष्ट कुणालाच ठाऊक नसती.

7 जुलैला बॉटेरिल आणखी तिघांबरोबर पळाला. एक जण जंगलात हगवणीने गेला. उरलेल्यांना बारिगा नावाच्या स्थानिक गावकऱ्याने लपवलं, खाऊ घातलं. पकडला गेला असता तर त्याचीही गत तीच होती. रानाऊत उरलेल्या शेवटच्या कैद्यांना 27 ऑगस्टला गोळ्या घातल्या, म्हणजे जपानने शरणागती जाहीर केल्यावर बारा दिवसांनी.

सांडाकानच्या सुमारे चोवीसशे ऑस्ट्रेलियन आणि ब्रिटिश कैद्यांपैकी सहा वाचले. सहाही ऑस्ट्रेलियन, सहाही पळून गेलेले. लाबुआनच्या युद्धस्मशानात अर्ध्याहून जास्त कबरींवर नाव नाही. त्यांच्यातही कोणी रांगेतून पुढे आलं असेल, पण ते पाहणारा बॉटेरिल त्यांना मिळाला नाही.

बॉटेरिल 1997 पर्यंत जगला. म्हातारपणी मुलाखती घ्यायला माणसं यायची, पिंजऱ्याबद्दल, वाटेबद्दल विचारायची. तो सांगायचा, आणि सांगता सांगता रिचीपाशी यायचा.