चावीवरची वीज

नमस्कार, श्रोतेहो.

इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये आम्ही पहिलं घर भाड्याने घेतलं ते 2021च्या सप्टेंबरात. घराच्या किल्लीबरोबर प्लॅस्टिकची आणखी एक चावी हातात आली आणि एक कार्ड. चावी विजेची, कार्ड गॅसचं. कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन पाच-दहा पौंड भरायचे, घरी येऊन चावी मीटरमध्ये घालायची. पैसे संपले की अंधार. मला वाटलं, मोबाइलच्या रिचार्जसारखंच की हे! ते तसं नाही, हे कळायला एक हिवाळा जावा लागला.

ब्रिटनमध्ये सुमारे 40 लाख घरांत असे मीटर आहेत. ज्याच्या बँक खात्यातून दरमहा रक्कम वळती होते, त्याचं वर्षाचं बिल बारा महिन्यांत सारखं वाटलेलं असतं. जुलैत तो जास्त भरतो, ते पैसे जानेवारीत कामी येतात. चावीवाल्याला मात्र जानेवारीची थंडी जानेवारीच्याच पगारातून विकत घ्यावी लागते. तिथे घर तापतं ते बहुतेक गॅसवर, आणि कामगारवस्तीतल्या जुन्या विटांच्या घरांत ऊब टिकत नाही. शिवाय कित्येक वर्षं चावीवाल्यांचा दर इतरांपेक्षा चढाच होता. ज्याच्याकडे कमी, त्याच्याकडून जास्त आणि तेही आगाऊ. हे मला अजूनही पटत नाही.

आणि स्थिर आकार! आपल्या वीजबिलात असतो तसाच, पण रोजच्या रोज साठणारा. उन्हाळ्यात महिनाभर गॅस पेटवला नाही तरी तो चढत राहतो. ऑक्टोबरात पहिली थंडी पडली की माणूस दहा पौंड भरतो, आणि त्यातले काही पौंड मीटर आधी या थकबाकीपोटी गिळतो. पैसे संपले की मीटर थोडी उसनवारी देतो, पुढच्या भरण्यातून ती कापतो. तीही संपली की घर गार. याला तिथल्या सरकारी भाषेत नाव आहे, ‘ग्राहकाने स्वतःच खंडित केलेला पुरवठा’. स्वतःच! कंपनीने तोडला असता तर कुठेतरी जाब विचारता आला असता.

2021च्या ऑक्टोबरात सर्वसाधारण घराचा वीज-गॅसचा वर्षाचा खर्च दरमर्यादेनुसार, म्हणजे नियामकाने ठरवलेल्या कमाल दराने, 1,277 पौंड धरला जाई. युक्रेनचं युद्ध पेटलं, गॅस कडाडला, आणि वर्षभरात तोच आकडा 2,500 झाला. तोही सरकारने मधला भार उचलला म्हणून, नाहीतर साडेतीन हजारांवर जाणार होता. त्या ऑक्टोबरात महागाई 11.1 टक्क्यांवर पोचली, 41 वर्षांत एवढी नव्हती. तो ऑक्टोबर उजाडण्याच्या आठवडाभर आधी, 23 सप्टेंबर 2022ला, अर्थमंत्र्यांनी वर्षाला दीड लाख पौंडांवर कमावणाऱ्यांचा 45 टक्क्यांचा करटप्पा रद्द करायची घोषणा केली होती. दहा दिवसांत ती मागे घ्यावी लागली, पण दुकानाच्या रांगेत उभं राहून ती बातमी ऐकताना जे वाटलं ते मी विसरले नाही.

त्या हिवाळ्यात मी शनिवारी एका चर्चच्या अन्नपेढीत मदतीला जायचे. डॉक्टर, शाळा किंवा सल्लाकेंद्र चिठ्ठी देतं, त्यावर तीन दिवसांचा शिधा मिळतो. येणारे बेकारच असतात असं मी धरून चालले होते. वृद्धाश्रमात काम करणाऱ्या एक बाई ड्युटी संपवून गणवेशातच आल्या. पिशवीतून बटाटे काढून त्यांनी हळूच टेबलावर ठेवले. “उकडायला गॅस नाही,” एवढंच म्हणाल्या. मग आम्ही वेगळ्या पिशव्या भरू लागलो: नुसतं गरम पाणी ओतलं की होईल असं सूप, शेवया, ओट्स. श्रोतेहो, जगातल्या सर्वांत श्रीमंत देशांपैकी एकात हे चाललं होतं, आणि वाण्याच्या दुकानात माल भरलेला होता.

सरकारने प्रत्येक घराला 400 पौंडांची सवलत दिली. खातेदारांना ती आपोआप मिळाली. जुन्या पद्धतीचे चावीचे मीटर असलेल्यांना पोस्टाने किंवा मेसेजवर व्हाउचर आलं, ते दुकानात नेऊन वठवायचं. अशी लाखो व्हाउचरं वठलीच नाहीत.

थकबाकीदारांच्या घरी कोर्टाचं वॉरंट घेऊन, कुलूप उघडून जबरदस्तीने असे मीटर बसवले जात होते. गवगवा झाल्यावर 2023च्या फेब्रुवारीत ते तात्पुरतं थांबवलं गेलं. पुढे दरातला फरकही काढला. पण जानेवारीची थंडी जानेवारीतच विकत घेणं सुटलेलं नाही.

तुमच्यापैकी कुणाची मुलं तिकडे शिकायला निघाली असतील तर एक सांगते. विद्यार्थ्याच्या व्हिसावर तिथले बहुतेक सरकारी भत्ते मिळत नाहीत, म्हणून खोली बघतानाच विचारायचं, मीटर चावीचा आहे का? असेल तर पहिल्याच दिवशी आकड्याचा फोटो काढायचा आणि वीजकंपनीला आपलं नाव कळवायचं. आम्ही ते केलं नाही. दहा पौंड भरले की मीटरवर सात दिसायचे. आधीच्या भाडेकरूची थकबाकी आम्ही दोन महिने फेडत होतो.