काळं पिल्लू : कडकनाथ की गावठी, कोंबडा की तलंग?

आठवडे बाजारात काळं पिल्लू दिसलं की विकणारा ‘कडकनाथ’ म्हणतो आणि भाव चढवतो. आपण पिसं बघून मान डोलावतो. ताई, दादा, पिसांवर जाऊच नका. कडकनाथमध्ये जेट ब्लॅक, पेन्सिल्ड (बारीक रेघांचा) आणि गोल्डन असे तीन प्रकार आहेत. सोनेरी मानेचा पक्षीही अस्सल असू शकतो. उलट काळ्या पिसांची गावठी कोंबडी कुठल्याही वस्तीवर सापडेल. पिसं फुंकून खालची कातडी बघा, चोच उघडून जीभ बघा, पाय बघा. मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या या कोंबडीच्या काळ्या मांसाला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तो काळेपणा पार हाडांपर्यंत उतरलेला असतो. अंडं मात्र फिकट बदामी. काळं अंडं दाखवणारा भेटला तर पिशवी उचला आणि पुढं चला.

पण जीभ काळी निघाली म्हणजे पिल्लू शुद्ध, असंही नाही. खरी गोम इथंच आहे. कडकनाथचा कोंबडा पिवळ्या पायांच्या कोंबडीवर सोडला, तर त्या संकरात माद्या बऱ्याच काळ्या निघतात आणि नर फिकट. कातडीचा काळेपणा दाबणारं एक जनुक या पिवळ्या पायांच्या आईच्या झेड गुणसूत्रावर (नर-मादी ठरवणाऱ्या दोन गुणसूत्रांपैकी एक, दुसरं डब्ल्यू) असतं, कडकनाथ बापाकडे ते नसतं. आई आपलं झेड फक्त मुलाला देते, मुलीला डब्ल्यू. त्यामुळे मुलीत ते दाबणारं जनुक येतच नाही. म्हणून एकटी काळी तलंग, म्हणजे तरुण मादी, बघून पैसे मोजू नका. तिचे भाऊ दाखवा म्हणावं. ते गोरटेले असतील तर वाणात भेसळ आहे.

आता कोंबडा की तलंग? गावरान पिल्लाचा तुरा सहा-आठ आठवड्यांत मोठा, लालभडक झाला की तो बहुधा कोंबडा. कडकनाथचा तुराच काळपट, तिथं लालीची वाट कशाला बघायची? असील जातीचा तर मुळातच आखूड, डोक्याला चिकटलेला. अशा वेळी साधारण बाराव्या आठवड्याला शेपटीच्या मुळाशी, पाठीवरची पिसं बोटानं उचलून बघा. नराची भाल्याच्या पात्यासारखी निमुळती आणि चमकदार, मादीची टोकाला गोल. माझा भरवसा याच खुणेवर.

टोकदार अंड्यातून कोंबडा निघतो, पाय धरून उलटं टांगलं की कळतं, हे सगळं सोडून द्या. पंखांच्या पिसांची लांबी बघून एक दिवसाचं पिल्लू ओळखतात ते खरं, पण त्यासाठी आईबाप मुद्दाम तसे जुळवलेले लागतात. परसातल्या पिल्लांना ते लागू नाही. शेपटीखाली दाबून बघायची रीत जपानी तज्ज्ञांनी विसाव्या शतकात बसवली, पण ते सरावलेल्या हाताचं काम. घरी केलंत तर पिल्लू दगावू शकतं. लहान पिल्लं घेताना निम्मे कोंबडे धरूनच हिशोब करा. तलंगाच हव्या असतील तर तीन महिन्यांच्या घ्या, थोडे जास्त पैसे पडले तरी.