गुलाबी रंगाच्या खाली

[दृश्य : ठाण्यातलं एक कलादालन. ठाणे खाडीवरच्या छायाचित्रांचं प्रदर्शन. भिंतीवर रोहित पक्ष्यांचं मोठं छायाचित्र. समोर गर्दी.]

सगळ्यात जास्त गर्दी याच फोटोपुढे होती. खाडीवर उतरलेले हजारो फ्लेमिंगो आणि मागे धुरकट इमारती. आपल्या शहराला लागून एवढं देखणं काही आहे, याचंच लोकांना अप्रूप. लेकरांना पुढे उभं करून जो तो फोटो काढत होता.

आमचा कॅमेरा मात्र कोपऱ्यातल्या, जेमतेम हातभर फोटोपाशी थांबला.

[दृश्य : तिवराची मुळं, अगदी जवळून.]

चिखलातून बोटाएवढी मुळं वर आलीत. ही तिवराची, म्हणजे खाडीकाठच्या खारफुटीच्या झाडाची, श्वसनमुळं. खाडीच्या गाळात हवा नसतेच म्हटलं तरी चालेल, म्हणून तिवर मुळांची टोकं वर काढतो आणि ओहोटीच्या वेळी श्वास घेतो. या फोटोत त्या टोकांवर दुधाची पिशवी ताणून बसली आहे. तिच्यावरची निळी अक्षरं अजून वाचता येतात. पिशवीच्या काठाशी एक निवटी, चिखलात राहणारा छोटा मासा, डोळे वर काढून बघत बसलेली.

चेंदणी कोळीवाड्यातून आलेल्या एक मावशी या फोटोपुढे बराच वेळ उभ्या होत्या. मग हळूच म्हणाल्या, "हिचं कालवण करायचो आमी. आता जाल्यान म्हावरा कमी न् पिशव्याच जास्ती."

दालनाच्या मधोमध जमिनीवर एका ओहोटीत जाळ्यात आलेलं सगळं मांडलं होतं. पिशव्या, एकेकट्या चपला, गुटख्याच्या पुड्या, थर्माकोल, देवाला घातलेले प्लॅस्टिकचे हार. शेजारी एका ताटलीत मूठभर कोळंबी. त्याखाली पाटी नव्हती, आणि ती नव्हती तेच बरं.

[दृश्य : ऐरोली. ओहोटी. चिखलात चोच उलटी घालून चरणारे फ्लेमिंगो.]

2015 साली या खाडीतलं सुमारे 1,690 हेक्टर क्षेत्र फ्लेमिंगो अभयारण्य झालं. 2022 मध्ये रामसर पाणथळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जगाच्या नकाशावर आलं. ही फार मोठी गोष्ट आहे. पण फ्लेमिंगो जन्मतः गुलाबी नसतो. पिल्लू राखाडी असतं. नीलहरित शैवाल आणि बारीक कोळंबीवर्गीय जीव पोटात जातात, त्यांतलं रंगद्रव्य पिसांत उतरतं. आणि शहराच्या सांडपाण्यातून येणाऱ्या नत्र-स्फुरदावर हे शैवाल फोफावतं, असं अभ्यासक सांगत आले आहेत. म्हणजे भिंतीवरच्या त्या रंगात थोडं आपलं गटारही आहे. नुसतं सौंदर्य टांगलं, तर बघणारा खूश होऊन घरी जातो. खाडी बरी आहे असं त्याला वाटतं.

जगात ज्या छायाचित्रांनी समुद्राचं दुखणं घरोघर पोचवलं, ती याच्या उलट वागली. छायाचित्रकार क्रिस जॉर्डन 2009 साली पॅसिफिकमधल्या मिडवे बेटावर गेला. अल्बट्रॉस या समुद्रपक्ष्याच्या मेलेल्या पिल्लांच्या पोटांत बाटल्यांची झाकणं, लायटर. त्याने एक तुकडाही हलवला नाही, जसं होतं तसं टिपलं. जस्टिन हॉफमनने इंडोनेशियात टिपलेला समुद्रघोडा आठवतो का? प्रवाहात वाहून जाऊ नये म्हणून समुद्रघोडा शेपटीने गवताची काडी धरतो. त्या फोटोत त्याने कान कोरायची काडी धरलीय. गुलाबी.

ही चित्रं बघून काळीज हलतं, तरी मन म्हणतं, ते तिकडे लांब. निवटीच्या फोटोपुढे तसं म्हणताच येत नाही. ती पिशवी आपल्या फ्रिजमधली आहे. नाल्यातून खाडीत, खाडीतून समुद्रात, एवढाच तिचा प्रवास. ठाण्याच्या कलादालनांत पाणपक्ष्यांची सुंदर चित्रं नेहमी लागोत, आम्हालाही ती आवडतात. त्यांच्या शेजारी हा हातभर फोटो मात्र हवाच.

[दृश्य : प्रदर्शनाचा शेवटचा दिवस. फ्रेम उतरवल्या जात आहेत.]

शेवटच्या दिवशी मावशी नातवाला घेऊन परत आल्या. फ्लेमिंगोचा मोठा फोटो तोवर विकला गेला होता. त्यांनी कोपऱ्यातल्या फोटोची प्रत मागितली. घरात नाही, बाजारात लावायची म्हणाल्या, मासळीच्या पाट्यांच्या वर, गिऱ्हाईक भाव करायला उभं राहतं तिथे.

[दृश्य : रिकामी भिंत. नातू हातातल्या फोटोतली निवटी शोधतोय.]