पाटण्याच्या मातीतलं शहामृग

[दृश्य : पाटणे परिसर, तालुका चाळीसगाव. मागे डोंगररांग.]

पाटणादेवीला जाणारी वाट याच भागातून जाते. इथल्या जमिनीत पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांना अंड्याच्या कवचाचे तुकडे सापडले. एका तुकड्यावर आडव्यातिडव्या रेघा कोरलेल्या. वय, सुमारे २५,००० वर्षं. अंडं शहामृगाचं!

हो, शहामृग आपल्या खानदेशात होतं.

[दृश्य : पूर्व आफ्रिकेतलं गवताळ माळरान. शहामृगांचा थवा.]

त्याच्या नावातलं ‘मृग’ हरणाचं नव्हे. फारसीत ‘मुर्ग’ म्हणजे पक्षी. आज हा पक्षी पाहायचा तर आफ्रिकेत जावं लागतं. अडीच मीटरपर्यंत उंची, शंभर किलोच्या वर वजन. पंख आहेत, पण उडण्यापुरते नाहीत. सारी भिस्त पायांवर. पायाला बोटं दोनच, आणि वेग ताशी सत्तर किलोमीटरपर्यंत. डोळा जवळपास पाच सेंटिमीटरचा. उंच मानेवरचा तो डोळा गवतापलीकडचा सिंह लांबूनच हेरतो.

[दृश्य : जमिनीतला खळगा, त्यात अंडी.]

घरटं म्हणजे नराने उकरलेला उथळ खळगा. त्यात अनेक माद्या अंडी घालतात, पण उबवते एकटी मुख्य मादी, नराच्या जोडीनं. पोटाखाली मावतात साधारण वीस अंडी. जागा कमी पडली की ती परक्या माद्यांची अंडी कडेला सारते, स्वतःची मधोमध ठेवते. इतक्या सारख्या दिसणाऱ्या अंड्यांतून आपलं नेमकं ओळखते! दिवसा मातकट रंगाची मादी बसते, रात्री काळा नर. असे सहा आठवडे.

अंडं दीड किलोच्या आसपास, कवच दोन मिलिमीटर जाड. अशा कवचात आफ्रिकेच्या कलहारी वाळवंटातले सान आदिवासी पाणी साठवत आले आहेत.

[दृश्य : पुन्हा पाटणे. कवचाचा तुकडा, जवळून.]

या जाडीमुळेच कवच हजारो वर्षं टिकलं. भारतात सापडलेल्या अशाच कवचातला डीएनए आफ्रिकेतल्या शहामृगाशी जुळतो, असं २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. पाटण्याला कवचाचे मणीही मिळाले, बारीक भोक पाडलेले. मला राहून राहून तो मणी घासणारा माणूस दिसतो. तो मान खाली घालून काम करतोय, आणि पलीकडच्या गवतातून एक उंच मान त्याच्याकडे बघतेय.